भरती किती वाजता?

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर निफाड तालुक्यातलं. लग्नानंतर नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यामागचा पाण्याचा फुगवटा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, "भरती किती वाजता?" त्या अजून हसतात. आता माहेरच्या बायका खाडीतल्या बेटावर गावाचं कांदळवन उद्यान करायचं म्हणून मला फोन करतात, तर मी त्यांना पहिल्यांदा हेच विचारते. पाण्याचं वेळापत्रक कोणाला तोंडपाठ आहे?

इथे फुगवट्यावर आमचा बायकांचा गट पाहुण्यांना पक्षी दाखवतो. हे आम्ही हात पोळून शिकलो. पहिल्या हिवाळ्यात नाताळच्या सुट्टीत चाळीस माणसं घेतली. नेमकं त्याच आठवड्यात दारणा-गंगापूर धरणांचं पाणी शेतीच्या आवर्तनासाठी खाली आलं, फुगवटा चढला, चिखल बुडाला. चिखलात चरणारे शेकाटे, तुतवार हे पक्षी उठून गेले. पाहुण्यांना मनोऱ्यावरून दिसले ते खोल पाण्यात पोहणारे वारकरी पक्षी, आणि तेही लांब. आता मी आधी पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन करते, मग तारीख देते. खाडीत हेच काम तिथी करते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास. ओहोटीत होडी चिखलात रुतली की पाहुणे खाली उतरतात आणि तिवरांची वर आलेली श्वसनमुळं तुडवतात. तेव्हा फेरीची वेळ पंचांग बघून ठरवा, शनिवार-रविवार बघून नाही.

दुसरं, वाटाड्या कोण? शहरातून पक्षीतज्ज्ञ आणू नका, निदान रोजच्या कामाला नको. जाळं टाकणाऱ्यांना विचारा. आमच्या एका वाटाड्याला पक्ष्याचं पुस्तकी नाव येत नसे, पण चक्रवाक रात्री कुठे उतरतात ते तो अंधारात सांगायचा. नावं महिन्याभरात शिकला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून सफर घडवतात. तिथे एकदा बसून या, शंभर बैठकांचं काम होईल. इंजिनाचा आवाज आणि डिझेलचा तवंग, दोन्ही नको.

एका वाटाड्यामागे आठ माणसं, आम्ही एवढंच धरलं. नववा आला तर दुसरी वेळ. यावर घरात भांडणं झाली, खोटं कशाला सांगू.

संडासाची जागा होडीच्या आधी ठरवा. बेटावर नको, गावात हवा, पाण्यापासून लांब आणि उंचावर. खाडीतल्या बेटावर खड्डा खणाल तर भरतीला सगळं वर येईल. पाहुणे गावातून जाऊन आले की निघतात आणि फेरी दीड तासात संपते, एवढं पुरतं. जेवणही गावातच. बेटावर बाटली आणि वेफर्सची पुडी नाही. आमच्याकडे पिठलं-भाकरी, ठेचा, हंगामात द्राक्षं. माहेरी सोलकढी नि भात. हॉटेलचा मेनू केलात तर गॅस आणि कचरा वाढेल, पैसा बाहेर जाईल.

गाड्या कुठे लावायच्या हे शेतकऱ्यांना विचारून ठरवा. आमच्याकडे फेब्रुवारीत शिवाररस्त्याला गाडी लावली की द्राक्षांचा ट्रॅक्टर अडतो, आणि मग गाव तुमच्या विरोधात जातं.

परवानगीशिवाय काही बांधू नका. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, आमचं पाणी अभयारण्यात येतं आणि २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे जगात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणूनही जाहीर झालं. वन विभागाकडे अर्ज करताना ग्रामसभेचा ठराव जोडा, आणि त्यात मासेमारांच्या सह्या असू द्या.

पैशाचं एकच: किती आले, वाटाड्याला किती, स्वयंपाकाला किती, गटाच्या खात्यात किती, हे दर महिन्याला देवळाजवळच्या फळ्यावर लिहा. आमच्याकडे दोन महिने लिहायचं राहिलं, तेवढ्यात निम्म्या बायका गटातून बाहेर पडल्या.

आणि शेती सोडू नका. मार्चनंतर पाहुणे पक्षी जातात, त्यांच्यामागे माणसंही. खाडीत पावसाळ्याचे चार महिने होडी उलटी घालून ठेवावी लागते.