जपानच्या थीम पार्कला मित्रांसोबत जाताय? या चुका टाळा

चार-सहा जणांचा कंपू जपानला निघाला की तोक्योचं डिस्नी आणि ओसाकाचं युनिव्हर्सल यादीत असतंच. परत आल्यावर सगळे गर्दीच्या नावाने बोटं मोडतात. गर्दी असतेच, पण दिवसाचा मोठा तुकडा खाते ती "आता कुठे जायचं?" ही चर्चा, आणि ती पार्कात उभं राहून चाललेली असते. घरी बसून करायची भांडणं घरीच उरकून घ्या.

ज्याचं त्याने तिकीट काढणं

तोक्योजवळ डिस्नीची पार्कं दोन आहेत: १९८३ मध्ये सुरू झालेलं डिस्नीलँड आणि २००१ मधलं डिस्नी-सी. नेहमीच्या एक दिवसाच्या तिकिटावर यांपैकी एकाच पार्कात जाता येतं. प्रत्येकाने आपापलं काढलं की एखाद्याच्या हातात हमखास दुसऱ्याच पार्काचं किंवा दुसऱ्याच तारखेचं तिकीट येतं. एकानेच सगळ्यांची काढावीत आणि पैसे नंतर वळते करून घ्यावेत.

तिकिटाचा दर दिवसागणिक बदलतो. ऑक्टोबर २०२३ पासून प्रौढांसाठी तो ७,९०० ते १०,९०० येन असा ठेवला गेला. ज्या दिवसाचा दर चढा, त्या दिवशी गर्दी जास्त. तारीख निवडायला याहून सोपी खूण नाही. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टच्या मध्यातला ओबोन सण आणि नववर्षाची सुट्टी शक्यतो टाळा. मार्चमध्ये शाळा-कॉलेजांना सुट्टी लागते, तेव्हाही मोकळीक नसते.

अ‍ॅप एकाच्याच फोनवर

रांगेची वेळ, नकाशा, जलद प्रवेशाचे पास, सगळं पार्काच्या अ‍ॅपमध्ये. तोक्यो डिस्नीत 'प्रीमियर अ‍ॅक्सेस' हा पैसे भरून घ्यायचा पास पार्कात शिरल्यावरच मिळतो आणि तो माणशी, राईडनुसार विकत घ्यावा लागतो. सगळ्यांची तिकिटं अ‍ॅपमधल्या एकाच ग्रुपमध्ये जोडलेली नसतील तर चौघांना एक वेळ आणि पाचव्याला दुसरीच, असा घोळ होतो. तिकिटं आदल्या रात्री हॉटेलवरच जोडा.

पैसे भरताना आणखी एक गाठ बसते. बँकेचा ओटीपी तुमच्या नेहमीच्या नंबरवर येतो आणि फोनमध्ये मात्र जपानचं ई-सिम चालू असतं. निदान दोघांनी तरी नेहमीच्या नंबरचं रोमिंग चालू ठेवावं आणि कार्डावरचे परदेशी व्यवहार निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावेत. पॉवर बँक प्रत्येकाकडे हवी. सहा जणांत एक, म्हणजे दुपारी चारला सहाही फोन मरणार.

युनिव्हर्सलला सरळ निन्टेन्डोच्या दारात

ओसाकाच्या पार्कातला सुपर निन्टेन्डो वर्ल्ड हा मारिओच्या व्हिडिओ गेम्सवरचा भाग २०२१ मध्ये सुरू झाला. गर्दीच्या दिवशी तिथे जायला पार्काच्या तिकिटाशिवाय ठरावीक वेळेचा प्रवेशपासही लागतो. तो पार्कात शिरल्यावर अ‍ॅपवर मोफत मिळतो, पण संपतोही. रांग वाचवणाऱ्या, पैसे भरून घ्यायच्या ज्या एक्स्प्रेस पासमध्ये त्या भागातली राईड आहे, त्यात तिथला प्रवेश धरलेला असतो. मात्र हे पास महाग असतात आणि आधीच विकले जातात. माझं मत विचाराल तर सगळ्यांनी एक्स्प्रेस पासवर पैसे उधळण्यापेक्षा फाटक उघडण्याच्या बऱ्याच आधी पोचावं. जाहीर वेळेआधीच फाटक उघडल्याचे प्रकार तिथे वारंवार घडतात.

दिवसभर सगळ्यांनी एकत्रच फिरायचा हट्ट

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. एकाला रोलर कोस्टर हवा, एकीला उंचीची धडकी भरते, तिसऱ्याला परेड बघायची आहे. मग कुणाचंच मन मोडू नये म्हणून सगळे एकमेकांच्या मागे हिंडतात आणि संध्याकाळी प्रत्येकाचं काहीतरी राहिलेलं असतं. जाण्याआधी प्रत्येकाने 'हे बघितल्याशिवाय निघणार नाही' अशा दोनच गोष्टी सांगाव्यात. ज्या जुळतील त्या एकत्र करा, बाकीच्या वेळी खुशाल पांगा. युनिव्हर्सलमध्ये काही राईड्सना एकट्याने बसणाऱ्यांची वेगळी रांग असते. ती बहुतेक वेळा भरभर सरकते, पण तिथे शेजारी मित्र बसेल याची खात्री नाही. किंचाळायचंच आहे, तर शेजारी कोण आहे याने काय बिघडतं?

पांगताना भेटायची जागा आणि वेळ दोन्ही ठरवा. "गेटजवळ" हे उत्तर नव्हे. अमुक दुकानाचं दार, अमुक पुतळा असं नेमकं सांगा, म्हणजे फोन बंद पडला तरी माणूस सापडतो.

आणि एकाने रांगेत उभं राहायचं, बाकीच्यांनी नंतर घुसायचं, ही युक्ती घरीच ठेवा. तोक्यो डिस्नीत राईडच्या रांगेत सगळ्यांनी एकत्रच उभं राहायचा नियम आहे.

खाण्याचं नंतर बघू

दोन्हीकडे घरचा डबा आत नेता येत नाही. शाकाहारी मित्र असेल तर जास्त काळजी घ्या. भाज्यांच्या सूपमध्ये किंवा नूडल्सच्या रश्शातही माशाचा दाशी (उकळून काढलेला अर्क) असतो, त्यामुळे मेन्यू आधीच पाहून ठेवा. जेवायची वेळ थोडी अलीकडे-पलीकडे करा.

स्टेशनवर गाफील राहणं

डिस्नीसाठी माइहामा स्टेशनवर उतरायचं. तिथे जाणारी केइयो लाईन तोक्यो स्टेशनातून सुटते, पण तिचे फलाट बाकीच्या फलाटांपासून इतके लांब आहेत की बदलायला दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. माइहामाहून डिस्नीलँड चालत गाठता येतं. डिस्नी-सी थोडं दूर आहे. मोनोरेल आहे, पण तिला वेगळं तिकीट पडतं. परतताना पार्क बंद व्हायच्या वेळी सगळा लोंढा एकदम फलाटावर येतो. अशा वेळी स्टेशनला लागून असलेल्या इक्स्पिआरी मॉलमध्ये शिरा, निवांत जेवा आणि गर्दी ओसरली की गाडी पकडा. फक्त शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा.