हव्वेचा धडा घरच्या प्रार्थनेत कसा घ्यावा

कळव्याला आमच्या घरी गुरुवारी प्रार्थना असते. बायबलातल्या उत्पत्तीचा तिसरा अध्याय (आदाम आणि त्याची बायको हव्वा देवाने मना केलेलं फळ खातात तो) निघाला की एखादे काका म्हणतातच, "बाईमुळे सगळं झालं." वाद घालू नका. सहावं वचन त्यांनाच मोठ्याने वाचायला द्या: नवरा तिच्यासोबतच होता, त्यानेही खाल्लं. मग बारावं. आदाम बोट दाखवतो बायकोकडे, वर देवाकडेही, की तूच दिलीस ही! (इथे बायका हसतात. हसू द्या.) देव मात्र जाब दोघांना वेगवेगळा विचारतो.

वेळ उरला तर योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय. व्यभिचारात धरलेली बाई येशूपुढे आणली, पुरुष कुठाय? जुन्या करारातलं नियमांचं पुस्तक, लेवीय 20:10, तर दोघांनाही शिक्षा सांगतं.

त्या दिवशी चहा काकांना टाकायला सांगा. आमच्याकडे साखर जास्त पडली होती.