ओळखीच्या बाईची केस आली तर

एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) वर्गात शिकवतात, ओळखीच्या माणसाची केस घेऊ नका. मी तालुक्याच्या गावात, पोलीस ठाण्याच्या आवारातल्या बायकांच्या मदत कक्षात, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस बघते. इथे तो नियम शब्दशः पाळला तर कक्षाला कुलूपच लावावं लागेल. येणारी बाई कुणाची तरी चुलत नणंद निघते, नाहीतर माझ्या मुलीच्या वर्गातल्या पोराची आई. म्हणून नव्या कार्यकर्त्यांना मी सांगते, ओळख लपवू नका, पहिल्याच भेटीत बोलून मोकळ्या व्हा.

बोलायचं असं: "तुमच्या जाऊबाई आमच्या भिशीत आहेत. इथलं बोलणं तिथं जाणार नाही. बाजारात भेटलात तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही बोललात तर बोलेन. तरी अवघड वाटत असेल तर दुसऱ्या ताईंशी गाठ घालून देते." मग हे तारखेनिशी फाइलमध्ये लिहा आणि वरिष्ठांच्या कानावर घाला. नाहीतर उद्या कोर्टात नवऱ्याचा वकील हीच ओळख उकरून काढतो.

जवळचं नातं, देण्याघेण्याचा व्यवहार, घरात सोयरिकीची बोलणी, यांपैकी काही असेल तर मात्र केस घ्यायचीच नाही. पण "मला जमणार नाही" म्हणून बाईला नुसतं परत पाठवू नका, ती पुन्हा उंबरा चढत नाही. तिच्यासमोरच संरक्षण अधिकाऱ्यांना (अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारने नेमलेले अधिकारी) फोन लावा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिच्या वतीने तेही अर्ज करू शकतात. वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे पाठवा. मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही.

"कुणालाही सांगणार नाही" असा शब्द कधीच देऊ नका. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) 19 व्या कलमाप्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. हे तिने बोलायला सुरुवात करण्याआधी तिला माहीत हवं.

चहा घ्या. शेतातली चार वांगी आणली तर मी नाही म्हणत नाही, कक्षात सगळ्यांत वाटून टाकते. साडी, पाकीट नाही. उसने पैसेही नाहीत. एसटीचं तिकीट संस्थेच्या व्हाउचरवर काढायचं (तेही बायकांना आता अर्धंच पडतं). केस चालू असेपर्यंत तिच्या घरी हळदीकुंकवालाही जाऊ नये, असं माझं मत. सासरच्यांनी तुम्हाला तिथे पाहिलं की पुढच्या बैठकीत तुमचं कुणी ऐकत नाही.

माझ्या मते सगळ्यात अवघड ओळख पोलिसांची. कक्ष ठाण्याच्याच आवारात, चहा एकाच टपरीवरचा. हवालदार सहज विचारतात, "ताई, काल ती काय म्हणाली हो?" मी म्हणते, "तिने अर्जात लिहिलंय ते तुमच्याकडे आहेच की, साहेब." वर आणखी काही सांगायचं तर आधी तिची संमती घ्यायची. आणि फाइलींच्या कपाटाची किल्ली ठाणे अंमलदाराच्या टेबलात ठेवायची नाही, एका दिवसासाठीसुद्धा.