गेमिंग पीसीचे पार्ट कसे निवडावेत: कोटेशन हातात घेण्याआधी

दुकानात जाऊन नुसतं "गेमिंग पीसी पाहिजे" म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "आय-फाइव्ह की आय-सेव्हन?" म्हणजे इंटेलचा कुठला प्रोसेसर. सुरुवातच उलटी होते. गेम कसा पळेल हे बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड ठरवतं, कार्ड कुठलं घ्यायचं हे मॉनिटर ठरवतो, आणि प्रोसेसरचा नंबर त्यानंतर लागतो. तेव्हा यादी मॉनिटरपासून लिहायला घ्या.

पायरी १: आधी मॉनिटर, मग बाकीचं

१०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, साधारण २०.७ लाख पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६.९ लाख. प्रत्येक फ्रेमला जवळपास पावणेदोन पट काम, आणि ते कार्डाच्या डोक्यावर. बजेट आखडतं असेल तर २४ इंची, १०८०पी, आयपीएस (बाजूने बघितलं तरी रंग न बदलणाऱ्या) पॅनेलचा मॉनिटर घ्या आणि तिथेच थांबा. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक असले वेगाचे गेम खेळणार असाल तर १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) किंवा त्याच्या वरचा बघा. कथेचे, मोठ्या नकाशांचे गेम असतील तर ७५ ते १०० हर्ट्झही पुरतात. वाचलेले पैसे कार्डात घाला.

मॉनिटर सोडून डब्याच्या (कॅबिनेट आणि आतले पार्ट) दर १०० रुपयांतले ३५ ते ४० कार्डाला ठेवायचे. ज्या कोटेशनमध्ये प्रोसेसर कार्डापेक्षा महाग आहे, ते गेमिंगचं कोटेशन नव्हे.

पायरी २: ग्राफिक्स कार्ड

१०८०पीसाठी आज किमान ८ जीबी स्वतःची मेमरी असलेलं कार्ड धरा. ४ जीबीत नव्या गेमचे टेक्स्चर मावत नाहीत. मग कार्डाची ताकद शिल्लक असूनही गेम मध्येच अडखळतो, कारण डेटा रॅममधून आणावा लागतो.

एएमडीचं आरएक्स ६६०० हे या गटातलं सरळमार्गी कार्ड. ८ जीबी, १३२ वॉट, वीजजोड बहुधा एकच आठ पिनांचा. एनव्हिडियाकडचं आरटीएक्स ३०५० घेताना बॉक्स नीट वाचा. या नावाची ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं आहेत आणि फरक फक्त मेमरीचा नाही. ६ जीबीवाल्यात कोअरही (हिशेब करणारे भाग) कमी आहेत. ते ७० वॉटवर चालतं, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, त्यामुळे एखाद्या जुन्या ऑफिसच्या डब्यात बसवायला ते ठीक. नव्या जुळणीसाठी नको.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते मदरबोर्डवरच्या स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं. मदरबोर्ड पीसीआयई ३.० चा (त्या स्लॉटची जुनी, ४.० च्या निम्म्या वेगाची पिढी) असेल तर तो रस्ता आणखी अरुंद होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की फ्रेम धाडकन खाली येतात. जीटी ७३० किंवा जीटी १०३० असलेल्या डब्यावर "गेमिंग" लिहिलेलं असेल, तर ते लिखाण कॅबिनेटच्या दिव्यांपुरतंच खरं.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण कार्ड चालू अवस्थेत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्राम पेनड्राइव्हवर न्या. बायोस (आत साठवलेला प्राथमिक प्रोग्राम) बदलून जुन्या कार्डाला नवं नाव चढवलेलं असलं तर अनेकदा तो ते पकडतो. आरएक्स ५८० घेत असाल तर शेडरची (कार्डातल्या कोअरची) संख्या पाहा: मूळ कार्डात २३०४, आणि "२०४८ एसपी" प्रकारात नावाप्रमाणे २०४८. मग १५-२० मिनिटं एखादा जड गेम किंवा फरमार्क (कार्डावर ताण टाकणारा चाचणीचा प्रोग्राम) चालवा. पडद्यावर रंगीत ठिपके, काळा झटका किंवा पंख्याची खरखर, यातलं काहीही दिसलं-ऐकलं तर नमस्कार करून निघा.

पायरी ३: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्र ठरवा

हे तिघं एकाच घरातले. एक बदलला की दुसरा बसत नाही.

कमी पैशात अजूनही दोन वाटा पक्क्या आहेत. एक, एएमडीचा रायझन ५ ५६०० आणि त्यासोबत बी५५० किंवा बी४५० बोर्ड. दुसरी, इंटेल आय-फाइव्ह १२४००एफ आणि बी६६० किंवा बी७६० बोर्ड. दोन्हींत ६ कोअर, १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). अगदीच ताण असेल तर आय-थ्री १२१००एफ, ४ कोअर, ८ थ्रेड. स्वस्त एच६१० बोर्डावर तो निभावतो, मात्र त्या बोर्डावर रॅमच्या जागा साधारण दोनच असतात. ५६०० च्या जागी दुकानदार रायझन ५ ५५०० दाखवेल. नावात १०० चा फरक, पण कॅशे (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आणि पीसीआयई ४.० ऐवजी ३.०. गेममध्ये हा फरक दिसतो.

इंटेलच्या नावापुढे "एफ" असेल तर आत ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्डाशिवाय पडदा काळा. रायझन ५ ५६०० चंही तसंच. "आत्ता ५६००जी घेतो, कार्ड पुढे बघू" हा विचार पुष्कळ जण करतात. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, पण कॅशे १६ एमबी आणि पीसीआयई ३.० च. कार्ड दोन-तीन महिन्यांत येणार असेल तर थांबणं बरं. वर्षभर येणारच नसेल, तर ५६००जी हा शहाणा पर्याय.

बी४५० बोर्ड जुन्या साठ्यातला असला तर ५००० मालिकेचा प्रोसेसर ओळखतच नाही. पंखे फिरतात, पडदा येत नाही. दुकानातच बायोस अपडेट करून मागा. पुढे वाढवायची सोय हवी असेल तर एएमडीचा नवा एएम५ सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) चांगला, पण त्याला डीडीआर५ प्रकारची रॅमच लागते. आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढले आहेत की घरातल्या जुन्या पीसीत डीडीआर४ च्या चांगल्या स्टिक असतील तर त्या वापरण्यातच फायदा. इंटेलचे बी६६० आणि बी७६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. दोन्ही प्रकारच्या रॅमची खाच वेगवेगळ्या जागी असते, जोर लावून बसत नाही, म्हणून बोर्डाचं पूर्ण नाव कोटेशनवर लिहून घ्या.

१६ जीबी घ्यायची तर एक स्टिक न घेता ८-८ च्या दोन. एका स्टिकवर प्रोसेसरला मेमरीपर्यंत एकच रस्ता मिळतो; दोन लावल्या की दोन. ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिक्सला तर हा फरक जगण्या-मरण्याचा, कारण त्याची व्हिडिओ मेमरी म्हणजे हीच रॅम. रॅमच्या चार जागा असलेल्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी जागा वापरा.

"आय-सेव्हन, १६ जीबी, गेमिंग पीसी" अशा फार स्वस्त जाहिरातीत पिढीचा आकडा आधी विचारा. आय-सेव्हन ३७७० हा २०१२ चा प्रोसेसर आहे. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप किंवा सोय) लागतं. विंडोज ११ वर व्हॅलोरंटही टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) चालू असल्याशिवाय उघडत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

पायरी ४: एसएमपीएस

कोटेशनमध्ये प्रोसेसरचं, कार्डाचं, रॅमचं पूर्ण नाव असतं आणि एसएमपीएसच्या (सगळ्यांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय) ओळीत नुसतं "४५० वॉट". ही ओळ सगळ्यात आधी बदलून घ्या.

एसएमपीएस हातात घ्या आणि अंगावरच्या स्टिकरवर १२ व्होल्टचा रकाना शोधा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही तिथूनच जेवतात. समजा तिथे १६ अँपिअर लिहिलंय, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट; वर ४५० छापलेलं असलं तरी तुमच्या कामाचे तेवढेच. चांगल्या ५५० वॉटच्या युनिटवर हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास असतो. रायझन ५ ५६०० आणि आरएक्स ६६०० मिळून डबा जेमतेम २५० ते ३०० वॉट ओढतो, त्यामुळे नामांकित कंपनीचं ५५० वॉट, ८० प्लस ब्राँझ पुरे. ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जात नाही याचा दाखला. आतल्या कपॅसिटरच्या दर्जाची हमी तो देत नाही. वॉरंटी पाच वर्षांची असेल तर ते त्याहून बोलकं.

वायरींमध्ये ६+२ पिनांचा कार्डाचा जोड हवाच. तो नाही म्हणून कुणी जुन्या चार पिनांच्या मोलेक्सपासून कन्व्हर्टर लावून देत असेल तर नको; ती पातळ वायर तापते आणि जोड वितळतो. प्रोसेसरचा जोड ४+४ चा असतो. दोन्ही आठ पिनांचे दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही, बसवूही नये.

एसएसडीचं (विंडोज आणि गेम साठवायची जागा) थोडक्यात: एम.२ एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी, वेगवान), १ टीबी. आज एकेक गेम १०० जीबी सहज खातो, ५०० जीबी लवकर भरते. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. समोर सलग काच आणि आत तीन रंगीत पंखे, म्हणजे तेच तेच गरम वारं फिरत राहतं. मे महिन्यात एसी नसलेल्या खोलीत ठाण्याला दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. कार्ड त्याच हवेने थंड व्हायचंय.

पायरी ५: खरेदी

यादी पक्की झाली की एकाच दिवशी तीन कोटेशनं घ्या, कारण भाव आठवड्यात बदलतात. वाशी, ठाण्यातल्या दुकानांत विचारा आणि मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचाही (कॉम्प्युटर पार्टचा बाजार) भाव घ्या. ठाण्याहून दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, ग्रँट रोड स्टेशन. रविवारी जाऊ नका: तिथली बरीच दुकानं बंद असतात आणि वर मेगाब्लॉक. दोन-तीनशे रुपयांच्या फरकासाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. वॉरंटीत बोर्ड परत नेताना तोच प्रवास पुन्हा करावा लागतो.

कच्च्या बिलावर १८ टक्के जीएसटी वाचतो असं सांगतील. कार्ड दहाव्या महिन्यात बंद पडलं की त्या कागदाचा उपयोग नाही. पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून मागा. बॉक्सवर एमआरपी आणि आयातदाराच्या नावाचं स्टिकर नसेल तर माल बाहेरच्या वाटेने आलाय. इथला वितरक वॉरंटी नाकारू शकतो. ऑनलाइन मागवलं तर पार्सलचं सील फोडण्यापासून सलग व्हिडिओ काढा.

पायरी ६: जुळणी

१. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवा. रायझन ५६०० ला पिना प्रोसेसरच्या पोटाशी असतात. सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा, प्रोसेसर अलगद सोडा, वरून दाबू नका. १२४००एफ च्या बाबतीत पिना सॉकेटमध्ये असतात. सॉकेटवरचं काळं प्लास्टिक झाकण जपून ठेवा, वॉरंटीला ते मागतात.

२. सोबतच्या कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वर आणखी लावू नका. वेगळा विकत घेतला असेल तर तळाची पारदर्शक फिल्म काढलीय ना ते बघा. ती राहिली की प्रोसेसर मिनिटभरात नव्वद अंशांना पोचतो.

३. रॅम दोन्ही टोकांना "खट्" वाजेपर्यंत दाबा. "डिस्प्ले येत नाही" या तक्रारीचं सगळ्यात सामान्य कारण अर्धवट बसलेली रॅम.

४. कार्ड, एसएमपीएस, मॉनिटर जोडून कॅबिनेटबाहेरच एकदा चालू करा. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवला की पुरतं. पडदा आला की मगच आत बसवा. आय-ओ शील्ड (मागच्या जोडांभोवतीची पत्र्याची पट्टी) आधी, बोर्ड नंतर. ते विसरलं की सगळं पुन्हा उकला.

५. मॉनिटरची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही.

६. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच रांगते. विंडोजमध्ये जाऊन मॉनिटरचा १४४ हर्ट्झही हाताने निवडावा लागतो. कित्येक जण वर्षभर ६० वरच खेळतात.

वीज आणि पावसाळा

कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात? एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थ पिनेकडे जातो. भिंतीत अर्थिंगच नसेल तर तो पत्र्यावर थांबतो. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, मागे अर्थची वायर नसते. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट.

यूपीएस घ्यायचा तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटच देतो, मॉनिटर धरून तो काठावर जातो. १००० व्हीए बघा, आणि तुमच्याच एसएमपीएसवर लाइट घालवून चाचणी करा. ॲक्टिव्ह पीएफसीचं (वीज नीट खेचणारं सर्किट असलेलं) एसएमपीएस काही स्वस्त यूपीएसवर वीज गेल्याक्षणी बंद पडतं.

खाडीलगत, ऐरोली-वाशीच्या बाजूला, हवेत ओल आणि खारटपणा दोन्ही. पावसाळ्यात पीसी आठवडे बंद ठेवू नका. दोन-तीन दिवसांनी तासभर चालला तरी आतली ओल उडते. खिडकीखाली, जमिनीला टेकवून ठेवू नका.

बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी फोटो काढा, वर्षभरात शाई उडते. खोकी माळ्यावर टाका, निदान कार्ड, बोर्ड आणि एसएमपीएसची. वॉरंटीला माल पाठवताना तीच लागतात, आणि सीरियल नंबरचं स्टिकर त्यांच्यावरच असतं.