लायब्ररीचं अपग्रेड अडलं? आधी फाइल कोणाची ते बघा

पावसाळ्यात कोकणात वीज कधी जाईल सांगता येत नाही. उबुंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर अपग्रेड चालू असतानाच ती गेली, तर पॅकेजं, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, अर्धवट राहतात. त्याला 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ही कमांड बहुतेक वेळा पुरते. पण एररमध्ये 'ट्राइंग टू ओव्हरराइट' असं आलं, तर कारण वेगळं आहे: नवी लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो कोड) जी फाइल ठेवू पाहते, ती आधीच दुसऱ्या पॅकेजच्या नावावर आहे. सामायिक जमिनीचा सातबारा बघितल्याशिवाय कोणी कुंपण घालत नाही, तसंच इथेही करा.

एररमधला फाइलचा पूर्ण पत्ता आणि दोन्ही पॅकेजांची नावं लिहून घ्या. मग 'डीपीकेजी', कॅपिटल 'एस' आणि तो पत्ता द्या. मालक पॅकेज कळेल. काही मिळालं नाही, तर पत्त्याच्या सुरुवातीचं '/यूएसआर' काढून पुन्हा विचारा, जुन्या नोंदी कधीकधी तशा असतात. मालक पॅकेज कुठून आलं ते 'ॲप्ट-कॅशे पॉलिसी' सांगते.

ते बाहेरच्या पीपीएमधून (डिस्ट्रोबाहेरच्या कोणीतरी चालवलेल्या पॅकेज-भांडारातून) किंवा डाउनलोड केलेल्या डेब फाइलमधून (पॅकेज बसवायच्या फाइलमधून) आलेलं असेल, तर तेच काढा. त्याआधी 'ॲप्ट रिमूव्ह'ला छोटा 'एस' जोडून तालीम घ्या, सोबत आणखी काय जाणार ते दिसतं.

एररमध्ये 'शेअर्ड' हा शब्द असेल, तर एकाच लायब्ररीच्या ३२ आणि ६४ बिट प्रतींची आवृत्ती जुळत नाहीये. जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरसाठी ३२ बिट लायब्ररी टाकलेल्या दुकानांत हे होऊ शकतं. दोन्ही प्रती एकाच कमांडमध्ये अपग्रेड करा. एकीची नवी आवृत्ती अजून आलीच नसेल, तर थांबा.

दोन्ही पॅकेजं डिस्ट्रोचीच, म्हणजे उबुंटू किंवा डेबियनचीच असतील, तर बहुधा फाइल एका पॅकेजातून दुसऱ्यात हलवली गेली आणि तशी नोंद करायची राहिली. 'ॲप्ट अपडेट' करून पाहा, दुरुस्ती आली असेल. घाईच असेल तर '/व्हार/कॅशे/ॲप्ट/आर्काइव्ह्ज'मधली फक्त तीच डेब फाइल 'डीपीकेजी -आय --फोर्स-ओव्हरराइट'ने बसवा आणि बग कळवा. सगळ्या अपग्रेडला फोर्स लावू नका. 'आरएम'ने फाइल उडवणं तर त्याहून वाईट: लिबसीची, म्हणजे जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात त्या मूळ लायब्ररीची फाइल गेली, तर फाइलींची यादी दाखवणारी साधी 'एलएस'सुद्धा चालणार नाही.

शेवटी 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' आणि मग 'डीपीकेजी --ऑडिट' चालवा. ऑडिटने काहीच छापलं नाही, म्हणजे काम झालं.