रीफच्या आडोशाला गरवताय? या चुका टाळा

रीफ म्हणजे किनाऱ्यासमोर पाण्यात असलेली, लाटा अडवणारी खडक-प्रवाळांची रांग. उघड्या किनाऱ्यावर हात बसलेला माणूस रीफमागच्या शांत पाण्यावर येतो आणि रिकाम्या पिशवीने परततो, हे अनेकदा पाहिलंय. पहिल्यांदा तो माणूस मीच होतो. बारा फुटी रॉड, शंभर ग्रॅमचं शिसं, अंगातली सगळी ताकद लावून फेक. पहिल्याच फेकीला शिसं खडकात रुतलं. दोन तासांत पाच गळ आणि पाच वजनं समुद्राला देऊन घरी आलो. सामान तसं वाईट नव्हतं, सवयी चुकीच्या जागी आणल्या होत्या. उघड्या किनाऱ्यावर लाटा बघून माशांचा अंदाज बांधता येतो. इथे लाट बाहेरच फुटते, त्यामुळे अंदाज रीफवरून बांधावा लागतो.

ओहोटीला फेरी न मारणं

बहुतेक जण भरतीला येतात, भरतीलाच जातात आणि पाण्याखाली काय आहे ते त्यांना कधीच कळत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत जास्त चढतं, तसंच सर्वांत जास्त उतरतंही. त्या ओहोटीला रॉड घरी ठेवून या. वाळूचे पट्टे कुठे आहेत, खडकांचे पुंजके कुठे, किनाऱ्यालगत लांबट घळ कुठे आणि रीफमध्ये खिंड कुठे, हे डोळ्यांनी बघा. मोबाइलवर फोटो काढा आणि फोटोत किनाऱ्यावरचं एखादं झाड किंवा दगड खुणेला येऊ द्या. नाहीतर भरतीला सगळं सारखंच दिसतं.

अशी फेरी जमली नसेल तर रंगावरून अंदाज येतो: फिकट निळसर म्हणजे वाळू, गडद म्हणजे खडक, प्रवाळ किंवा समुद्रगवत. मात्र ढगाची सावलीही गडदच दिसते. डाग सरकला तर तो ढग. पोलराइज्ड चष्मा असेल तर हे काम निम्म्याने सोपं होतं.

गळ टाकायचा तो वाळू आणि खडकाच्या सीमेवर. मासा खडकात लपतो आणि वाळूवर चरायला येतो. नेमका खडकातच गळ टाकलात तर मासा लागला तरी तो दोरी घेऊन बिळात शिरतो.

लांब फेकण्याचा सोस

शांत पाण्यात मुडदुशीसारखे वाळूत चरणारे मासे अगदी गुडघाभर पाण्यात येतात, विशेषतः पहाटे आणि तिन्हीसांजेला. आपण त्याच पाण्यात उभे राहून त्यांच्या डोक्यावरून साठ मीटर पलीकडे फेकतो! पहिली फेक कोरड्या वाळूवर उभं राहून, पायापासून दहा-पंधरा मीटरवर करा. मग हळूहळू लांब जा. पाणी नितळ असतं, म्हणून सूर्य पाठीशी असेल तर आपली सावली पाण्यावर पडत नाही ना, तेही बघा.

भरतीचं अर्धवट गणित

इथे जरा थांबतो, कारण या चुकीत मासा नाही, माणूस जातो.

एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कालची वेळ आज चालत नाही. शिवाय पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांच्या चढाईत पहिल्या तासाला फरक जेमतेम जाणवतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी चढतं. ‘अजून तर घोट्याएवढंच आहे’ म्हणणारा माणूस तासाभरात अडकतो तो यामुळे.

रीफवर हे आणखी वाईट. रीफचा माथा उंच असतो आणि त्याच्यामागचा, किनाऱ्याकडचा भाग खोल. ओहोटीला चालत माथ्यावर गेलात, समोर बघत गरवत राहिलात, तर पाणी आधी पाठीमागे भरतं. पायाखाली कोरडं आणि परतीची वाट छातीभर पाण्यात. ओहोटी पूर्ण झाली की माथ्यावरून निघायचं, मासे लागत असले तरी. माझा गजर त्या वेळेच्या अर्धा तास आधी वाजतो.

दुसरा फसवा भाग म्हणजे खिंड. बाहेर फुटणाऱ्या लाटा माथ्यावरून पाणी आत ढकलत राहतात. ते पाणी कुठूनतरी बाहेर जाणारच, आणि ते खिंडीतून जातं. उतरत्या पाण्यात ही ओढ वाढते. बाहेर लाटा मोठ्या असतील तर चढत्या पाण्यातही ती असते. लाट फुटत नाही म्हणून तीच जागा सर्वांत शांत दिसते. त्या बाजूने गरवायला ती उत्तम, कारण आतलं खाद्य वाहून जाताना शिकारी मासे तिथेच टपलेले असतात. पण गरवायचं काठावरून. खिंडीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका. कुणी ओढला गेलाच तर प्रवाहाशी झुंजायचं नाही. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि ओढ कमी झाली की आडवं पोहत बाजूला यायचं.

गळ सारखा अडकतोय?

शिसं हलकं करा. लाटच नाही तर शंभर ग्रॅम कशाला? दहा-वीस ग्रॅम बहुतेक वेळा पुरतं. खडकाळ जागी शिशाऐवजी तरंगता फ्लोट लावला तर आमिष तळाच्या वर राहतं आणि अडकणं बरंच थांबतं. तळालाच गरवायचं असेल तर शिसं मुख्य दोरीपेक्षा कमजोर दोरीने बांधा: मुख्य दोरी १५ पौंडी (म्हणजे तेवढा ताण सोसणारी), तर शिशाची ६ पौंडी. अडकलंच तर फक्त शिसं तुटतं, मासा आणि गळ हाती राहतात.

ब्रेड (braid) म्हणजे विणलेली दोरी बारीक आणि ताकदवान, पण खडकाला घासली की सुतासारखी तुटते. तिच्या पुढे मीटर-दीड मीटर जाड मोनो (एकपदरी नायलॉन) किंवा फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा वेगळा तुकडा, हवाच. प्रत्येक माशानंतर लीडरवरून बोट फिरवा, खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून टाका. ड्रॅग, म्हणजे माशाने ओढल्यावर दोरी किती ताणाला सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवा.

मासा लागतो पण सुटतो, अशी तक्रार असेल तर बहुधा गळ मोठा आहे किंवा गळ रुतवायला रॉडला दिलेला झटका लवकर बसतोय. सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) वापरत असाल तर झटका देऊच नका, नुसतं रील फिरवत राहा.

अनवाणी आणि बिनधास्त

जाड तळव्याचे बूट घाला. जिवंत प्रवाळावर पाय देऊ नका. त्याच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, आणि त्याची जखमही लवकर चिघळते. वाळूत पाय उचलून टाकण्यापेक्षा घसटत चाला, म्हणजे पाकट आधीच पळतो. विषारी काटा टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा, साधारण ४५ अंशांपर्यंत, आणि डॉक्टरकडे जा. शंकूच्या आकाराचे सुंदर शंख उचलू नका. त्यांतल्या काहींचा दंश जीवघेणा असतो.

पकडला म्हणजे खायचाच

फुगणारा केंड मासा सोडून द्या, त्याचं विष शिजवून जात नाही. उष्ण समुद्रातल्या रीफवरच्या मोठ्या शिकारी माशांत, उदाहरणार्थ मोठ्या बॅराकुडात, सिग्वाटेरा नावाचं विष साठलेलं असू शकतं. ते वासाने, चवीने कळत नाही, शिजवून किंवा गोठवूनही जात नाही. मी अशा पाण्यात मध्यम आकाराचेच मासे ठेवतो आणि मोठा लागला तर फोटो काढून सोडतो. कित्येक रीफवर मासेमारीला बंदी किंवा आकाराची मर्यादा असते, ती जाण्याआधीच विचारून घ्या.

घरी आल्यावर रील धुताना ड्रॅग घट्ट करून मंद धारेखाली गोडं पाणी सोडा. जोराच्या धारेने मीठ आतच जातं. वाळल्यावर ड्रॅग सैल करायला विसरू नका.