गल्लीत गतिरोधक हवाय? अर्जाआधीची आणि नंतरची तयारी

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मागणी हमखास येते: आपल्या गल्लीत स्पीडब्रेकर बसवून घ्या. कोणाच्या तरी मुलाला दुचाकीचा आरसा घासून गेलेला असतो, एखाद्या आजी दचकून पडलेल्या असतात. मागणी रास्तच आहे. पण नुसती मागणी लावून धरली की पदरात पडतो तो बहुतेक वेळा रातोरात टाकलेला डांबराचा उंचवटा. त्याला ना रंग, ना पाटी. स्कूटरवर मागे बसलेल्या बाईच्या पाठीला त्याचा दणका बसतो आणि मोठ्या चाकांची गाडी मात्र वेग न कमी करता निघून जाते. असलं काम नको असेल तर तयारी आधी करावी लागते, आणि ती रहिवाशांनीच करायची असते. पुढची यादी पुण्यातल्या कामाच्या रीतीप्रमाणे आहे. दुसऱ्या शहरात कार्यालयांची नावं बदलतील, मापं तीच राहतील.

सगळ्यात आधी वेग मोजा. यासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. गल्लीच्या सरळ भागात टेपने ५० मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांना रस्त्यावर खडूने रेघ मारा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करायचं, दुसऱ्या रेघेवर बंद करायचं. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंद लागले तर ५०. मोजणाऱ्याने झाडाआड किंवा गेटच्या आत उभं राहावं. माणसं टिपणं घेताना दिसली की चालक आपोआप वेग कमी करतात आणि आकडे फसवे येतात. सकाळी शाळेच्या वेळेला, संध्याकाळी ऑफिसं सुटताना आणि रात्री साडेदहानंतर, असं तिन्ही वेळा मोजा. रात्रीचं मोजमाप टाळू नका, कारण रिकाम्या गल्लीतच वेग सर्वांत जास्त असतो. शंभरेक गाड्यांच्या नोंदी झाल्या की त्या वेगाच्या चढत्या क्रमाने लावा आणि पंच्याऐंशीवा आकडा पाहा. वाहतूक अभियंते याच आकड्यावर बोलतात. अर्जात ‘गाड्या फार जोरात जातात’ असं लिहिण्याऐवजी ‘शंभरातल्या पंधरा गाड्या ताशी ४४ च्या वर असतात’ असं मोजून लिहिलं, तर समोरच्या अभियंत्याला ते बाजूला सारता येत नाही.

किती वेग जास्त म्हणायचा, हेही ठरवून घ्या. पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या जिथे एकत्र असतात तिथे ताशी ३० ही मर्यादा असावी, असं फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचाही तोच आग्रह आहे. त्यामागचं गणित साधं आहे. ताशी ३० ने जाणारी गाडी एका सेकंदात ८ मीटरपेक्षा थोडी जास्त पुढे सरकते, ५० ने जाणारी जवळजवळ १४ मीटर. चेंडूमागे मूल धावत आलं, तर चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतच हा साडेपाच मीटरचा फरक पडलेला असतो. ब्रेक लागल्यावरचं अंतर त्यापुढे वेगळं. पहिल्या बैठकीत हे आकडे फळ्यावर लिहून दाखवा. ‘आम्हाला उशीर होतो’ म्हणणारे त्यानंतर बरेच शांत होतात.

मोजताना गाड्या कोणाच्या आहेत याकडेही लक्ष ठेवा. कोथरूडमध्ये कर्वे रस्ता तुंबला की आतल्या गल्ल्यांतून वाट काढणारे बरेच असतात. तशी परिस्थिती असेल तर एका उंचवट्याने भागत नाही, गल्लीचं तोंडच बदलावं लागतं. तिथे फुटपाथ पुढे आणून तोंड अरुंद करणं, एकेरी वाहतूक करणं, किंवा शाळेसमोर फुटपाथच्या पातळीचं सपाट उंच क्रॉसिंग बांधणं हे उपाय मागा. शाळेसमोर मला स्वतःला हे क्रॉसिंगच जास्त पटतं. त्यावर गाडी हळू होते आणि मुलांना ओलांडायला हक्काची जागाही मिळते. आणि बऱ्याच गल्ल्यांत जोरात जाणारे तिथलेच रहिवासी निघतात. मग गतिरोधकाच्या अर्जाआधी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या.

आता मापं. ती अर्ज देणाऱ्याला तोंडपाठ हवीत. भारतात यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ९९ ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पहिली १९८८ ची आणि सुधारित २०१८ ची. १९८८ पासून रूढ असलेला नेहमीचा गोल गतिरोधक वाहनाच्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटीमीटर उंच असतो, वक्राची त्रिज्या १७ मीटर. हा आकार १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या वाहतूक संशोधन प्रयोगशाळेत चाचण्या घेऊन ठरला, ३.७ मीटर म्हणजे तिथले १२ फूट. असा गतिरोधक ताशी २५ च्या आसपास सहज ओलांडता येतो आणि त्यापेक्षा जोरात गेलं की माणसाला त्रास होतो. काम असंच असायला हवं. गरोदर बाईला घेऊन निघालेली रिक्षा सावकाश गेली तर तिला काही जाणवू नये, आणि ५० ने आलेल्याला मात्र नक्की जाणवावं.

बाजारातल्या काळ्या-पिवळ्या रबरी पट्ट्या या कामाच्या नाहीत, हे सभेत ठामपणे सांगा, कारण कोणीतरी ‘स्वस्तात होतंय, उद्याच बसवू’ म्हणतंच. त्या जेमतेम हातभर रुंद असतात. चाक एका क्षणात वर चढतं आणि खाली आदळतं. सायकल, स्कूटर, रिक्षा, रुग्णवाहिका यांना हळू जातानाही दणका बसतो. उलट चांगल्या सस्पेन्शनची मोटार जोरात गेली की धक्का चाकांतच जिरतो आणि आतल्या माणसाला कमीच कळतो. म्हणजे नेमक्या चुकीच्या माणसाला शिक्षा. शिवाय काही महिन्यांत बोल्ट ढिले होतात, रात्रभर खडखडाट चालतो, आणि पट्टी उखडली की रस्त्यात खिळे वर राहतात.

जागा निवडायला कनिष्ठ अभियंत्याबरोबर स्थळपाहणीला जाण्याआधी स्वतः दोनदा फिरून या, एकदा दिवसा आणि एकदा अंधारात. गतिरोधक दिव्याच्या खांबाजवळ हवा. झाडाच्या गर्द सावलीत तो दुपारीसुद्धा दिसत नाही. वळणावर, तीव्र उतारावर, सोसायटीच्या गेटसमोर नको. ड्रेनेजच्या किंवा पाण्याच्या चेंबरवर तर अजिबात नको, नाहीतर चेंबर तुंबलं की झाकण काढण्यासाठी गतिरोधकच फोडतात आणि पुन्हा नीट भरत नाहीत. गल्ली लांब असेल तर एकाने भागत नाही: दोन गतिरोधकांत साधारण १०० ते १२० मीटर अंतर ठेवतात. एकच असला की चालक त्याच्यापुरता ब्रेक मारतो आणि पुढे उलट जास्त जोर लावतो. गल्लीतून पीएमपीची बस किंवा पाण्याचे टँकर नियमित जात असतील तर तसं आधीच सांगा, मोठ्या वाहनांसाठी रुंदी जास्त ठेवावी लागते. अग्निशमन केंद्र किंवा मोठं रुग्णालय जवळ असेल तर त्यांच्याशीही बोलून घ्या.

पाण्याचा विचार लोक सर्वांत कमी करतात आणि पावसाळ्यात सर्वांत जास्त त्रास त्याचाच होतो. उतारावरून येणारं पाणी गतिरोधकाशी अडतं. म्हणून पावसाळी गटाराची जाळी गतिरोधकाच्या चढाकडच्या बाजूला हवी, म्हणजे पाणी अडायच्या आधीच आत जाईल. तशी जाळी नसेल तर कडेला पाणी जायला वाट ठेवतात, पण ती वीतभरच असावी. हात-दीड हात मोकळी जागा सोडली तर प्रत्येक दुचाकी त्याच फटीतून, म्हणजे नेमकी जिथून मुलं आणि म्हातारी माणसं चालतात तिथून, वेग न कमी करता जाते. गतिरोधक बसवून चालणाऱ्यांचा धोका वाढवल्यासारखं होतं ते. अशी फट राहणार असेल तर तिथे बोलार्ड (रोवलेला आखूड खांब) किंवा कुंडीसारखा अडथळा आत्ताच मागून ठेवा.

मग शेजारी. ज्यांच्या खिडकीखाली गतिरोधक येणार त्यांची लेखी संमती घ्या. रात्री ट्रक आदळल्याचा आवाज, ब्रेकचा आवाज, पुन्हा गिअर टाकल्याचा आवाज त्यांनाच ऐकायचा असतो. ‘काका, दिव्याच्या खांबापाशी घेतला तर चालेल का?’ असं घरी जाऊन विचारावं, नोटीस बोर्डावर कागद लावून मोकळं होऊ नये. पाठदुखीचे, मणक्याचे रुग्ण, नियमित डायलिसिसला जाणारे यांच्याशीही बोला. बहुतेकांचा विरोध बेढब उंचवट्याला असतो, मापातल्या गतिरोधकाला नसतो. मापं दाखवली की बरेच जण सही करतात.

कागद असे जमवा: वेगाच्या नोंदी, गल्लीचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर प्रस्तावित जागा, दिवे आणि चेंबर, सोसायट्यांचे ठराव, शेजाऱ्यांच्या सह्या, शाळा असेल तर मुख्याध्यापकांचं पत्र, आणि झालेल्या अपघातांच्या पोलीस नोंदी असल्यास त्या. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे आणि महापालिकेच्या पथ विभागाकडे, प्रत वाहतूक पोलिसांकडे. पोलिसांचं मत लागतंच, त्यामुळे त्यांना आधी भेटलेलं बरं. प्रत्येक ठिकाणी आवक शिक्का आणि क्रमांकाची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज केला नसल्यासारखाच. अर्जात ‘आयआरसी ९९ प्रमाणे गतिरोधक, रंगाचे पट्टे, सूचना फलक आणि कॅट-आय यांसह’ हे शब्द घाला (कॅट-आय म्हणजे रस्त्यात बसवलेली, गाडीच्या दिव्याने चमकणारी बटणं), म्हणजे कामाच्या अंदाजपत्रकात ते सगळं धरलं जाईल. फलक नंतर लावू म्हटलं की ते कधीच लागत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९८-ए नुसार रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मानकाप्रमाणे काम मागणं यात दोन्ही बाजूंची सोय आहे, हे अभियंत्यांना शांतपणे सांगता येतं.

वर्गणी काढून सार्वजनिक रस्त्यावर स्वतः सिमेंटचा ढिगारा टाकणं मात्र कितीही राग आला तरी करू नका. रात्री त्यावर कोणी पडलं तर त्याची जबाबदारी टाकणाऱ्यांवर येते, आणि ती यायलाच हवी. सोसायटीच्या आतला खासगी रस्ता असेल तर गोष्ट वेगळी, तिथेही माप हेच ठेवा.

वेळ साधायची तर दिवाळीनंतर. पावसाळ्यात डांबराचं काम होत नाही. पण त्याआधी गल्लीत पाण्याची, गॅसची किंवा केबलची खोदाई येणार आहे का ते विचारून घ्या. नवा गतिरोधक महिन्याभरात कापला गेला की पुन्हा बसवायला वर्ष जातं.

काम सुरू होईल त्या दिवशी दोघांनी तरी हजर राहावं, एक टेप, एक सुतळी आणि प्लायवूडचा साचा घेऊन. कामगारांकडे बहुतेक वेळा मापाचा साचा नसतो, ते नजरेने ढीग मारतात. साचा अर्ध्या गतिरोधकाचा पुरतो: १.८५ मीटर लांब, एका टोकाला १० सेंटीमीटर, बरोबर मध्ये साडेसात, आणि काठापासून ४६ सेंटीमीटरवर साधारण ४.४ सेंटीमीटर उंची. साच्याच्या मधल्या जागी उंची आठ-नऊ सेंटीमीटर भरली तर चढ काठाकडे उभा झाला आहे, आणि दणका तिथेच बसतो. उंची रोलर फिरल्यानंतर मोजायची, आधी नाही. त्याआधी जुना रस्ता खरवडून झाडलाय का, त्यावर पातळ डांबराचा हात दिलाय का, हे पाहा. धुळीवर टाकलेला हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचा माल, पहिल्या पावसात पापुद्र्यासारखा सुटतो. रंग त्याच दिवशी होणार नसेल तर रात्रभर बॅरिकेड आणि लुकलुकणारा दिवा हवाच. नवाकोरा काळा गतिरोधक काळ्या रस्त्यावर अजिबात दिसत नाही, आणि सगळ्यात वाईट अपघात त्याच पहिल्या रात्री होतात. रंग थर्मोप्लास्टिकचा (तापवून लावायचा जाड रंग), काचेचे मणी घातलेला मागा, साधा ऑइलपेंट दोन महिन्यांत पुसला जातो. सूचना फलक गतिरोधकाच्या ४० मीटर आधी, दोन्ही बाजूंना, आणि फांद्यांआड जाणार नाही असा.

महिन्याभराने पुन्हा त्याच खडूच्या रेघा, त्याच वेळा. नवे आकडे आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून क्षेत्रीय कार्यालयाला कळवा, कमी झाले असोत वा नसोत. शेजारच्या गल्लीतही मोजा, कारण गाड्या तिकडे वळल्या असतील तर त्यांचा त्रास आपण वाढवलेला असतो. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन जाऊन पाणी कुठे साठतंय त्याचे फोटो काढा. मापं, फोटो, पोच आणि कामाची तारीख असलेली फाईल सोसायटीच्या ऑफिसात ठेवा आणि नव्या कमिटीकडे ती सोपवा. चार-पाच वर्षांनी रस्त्यावर नवा डांबराचा थर येतो तेव्हा गतिरोधक एकतर अर्धा गाडला जातो किंवा अंदाजाने पुन्हा रचला जातो. त्या कामाचा सुगावा लागताच हीच फाईल घेऊन कनिष्ठ अभियंत्यांना भेटायचं आणि जुन्याच मापात, जुन्याच जागी गतिरोधक मागायचा.